झाकणाचा डबा

औरादच्या बाजारात तो कोळसा विकायचा. मापण्याआधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ऊब बघायचा.

"अप्पा, भाजून उरलेला कोळसा झाकणाच्या डब्यात ठेवा. वरून विझतोय, आतून न्हाई," तो दर खेपेला सांगायचा.

"कोळसा विकायलास का शाळा घ्यायलास?" मी म्हणायचो.

एकदा कणसं भाजून उरलेला कोळसा विझला समजून मी गोठ्यातल्या पोत्यातच टाकला. गोठा जळाला. भर बाजारात मी त्यालाच म्हणालो, तुझाच कोळसा गरम होता.

तो भांडला नाही. सगळ्यांसमोर पोत्यात हात घालून उभा राहिला. तरी लोकांनी माझंच ऐकलं. पुढं तो आलाच नाही.

आता माझ्याकडे झाकणाचा डबा आहे. दर बाजारी त्याच्या जागेपाशी थांबतो. त्याचा कोळसा थंड होता, हे मला तिथंच, त्याच्यासमोर बोलायचं आहे.