क्लचचा कोड आणि बाबांचा पाय

बाबांच्या गाडीला क्लचचं पेडल नाही. गिअर ती स्वतः टाकते, क्लच स्वतः दाबते आणि माणसाकडे फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ठेवते. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना सोयीची पडेल, असं माझ्या दादाने बंगळुरूहून फोनवर ठरवलं आणि गाडी आली. दादा आमचं सगळंच बंगळुरूहून ठरवतो.

दिवाळीनंतर या गाडीने नखरे सुरू केले. नाशकात अगदी शहाण्यासारखी वागायची, कॉलेज रोडच्या गर्दीतही हूं की चूं नाही. पण बाबा हरसूलच्या आठवडी बाजाराला निघाले की त्र्यंबकच्या पुढे घाटात पिवळा दिवा लागायचा, जळका वास यायचा आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी ढिम्म. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कॉम्प्युटर लावून बिघाडाचे दोन कोड काढले, एक थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाला हवा सोडणाऱ्या झडपेचा, आणि एक क्लचचा. थ्रॉटल साफ केला, कोड पुसले, वर गाडी चकाचक धुऊन दिली. पुढच्या बाजाराला दोन्ही कोड परत हजर.

एकट्या माणसाला भाजी लागते ती किती? पण बाबा हरसूलच्या शाळेत नोकरीभर मास्तर होते. आई गेल्यापासून ते दर आठवड्याला तिथे जातात, जुन्या विद्यार्थ्यांना भेटतात, त्यातल्या नातवंडं झालेल्यांनाही दरडावतात आणि पिशवीभर नागली घेऊन खुशीत परत येतात. उरलेला आठवडा ते त्या दिवसाची वाट बघण्यात काढतात.

दादाने निदान केलं, "गाडीत काही नाहीये, बाबांच्या पायात आहे. वय झालं आता. तू किल्ली काढून घे, आपण त्यांना टॅक्सी लावून देऊ."

फोन स्पीकरवर होता. बाबा शेजारीच शेंगा सोलत बसले होते. "जो क्लच मला दिलेलाच नाही, तो मी खराब कसा करीन रे?" ते म्हणाले. मला हा मुद्दा बिनतोड वाटला. फोन ठेवल्यावर मात्र ते हळूच म्हणाले, "किल्ली नको गं काढून घेऊस."

दादाने कुरिअरने काडेपेटीएवढं यंत्र पाठवलं. ते स्टिअरिंगखालच्या खाचेत खोचलं की गाडीच्या पोटातलं सगळं मोबाइलवर दिसतं, कुठलं पेडल किती दाबलंय, क्लच किती तापलाय. एकदा पुरावा मिळाला की बाबाही ऐकतील, असं त्याचं म्हणणं. बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली आणि मोबाइल घेऊन बाबांच्या शेजारी बसले. बाबांना निर्दोष सोडवायचं, हे मी घरूनच ठरवून निघाले होते.

घाटापर्यंत सगळे आकडे सभ्य होते. मग ऐन चढावर शेळ्या घेऊन चाललेला एक मिशीवाला दिसला आणि बाबांनी गाडी थांबवून काच खाली केली.

"गुरुजी, आज लय उशीर केला?"

"तुझी पोरगी नर्सिंगला लागली का?" बाबांची चौकशी सुरू झाली. पोरगी झाली, भात झाला, बायकोची कंबर झाली. मी मोबाइलकडे बघितलं. क्लचचं तापमान भराभर वर चाललं होतं. बाबांचा पाय ब्रेकवर नव्हताच, ॲक्सिलरेटरवर होता. इतका बेताने ठेवलेला, की गाडी पुढेही जात नव्हती आणि मागेही येत नव्हती.

"बाबा, ब्रेक दाबा!"

"कशाला? उभीच तर आहे."

पुढच्या चढावर दुसरा विद्यार्थी भेटला, त्याच्या पुढे तिसरा. तिथे दिवा लागला, वास आला, गाडी बसली. तिसरा विद्यार्थी वाकून म्हणाला, "गुरुजी, गाडीलाबी उभं राहायची शिक्षा केली का?"

मी हसले, पण मला रडूही येत होतं. कोड खरं बोलत होता. बाबांच्या जुन्या गाडीचा हँडब्रेक धरत नसे, म्हणून ते चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलत. आता तोच तोल ते ॲक्सिलरेटरने साधत होते आणि आत बिचारा क्लच घासून जळत होता. तो तापला की गाडी स्वतःला वाचवायला थ्रॉटल आवळून घेत होती. दादाला हवा तो पुरावा माझ्या हातात होता, आणि तो मोबाइल घाटात भिरकावून द्यावासा वाटत होता.

गाडी गार झाल्यावर बाजार उरकला. परत निघताना मी म्हटलं, "आता मी चालवते. नीट बघा कसं थांबायचं ते." मोबाइल बाबांकडे दिला. घाटात एक ट्रक आडवा झालेला, रांग लागलेली. मी चढावर थांबले आणि ब्रेकचं महत्त्व सविस्तर समजावून सांगू लागले. बाबा चष्मा सरसावून मोबाइल बघत होते. मग प्रगतिपुस्तक वाचावं तसं त्यांनी मोठ्याने वाचलं, "ॲक्सिलरेटर अठरा टक्के. ब्रेक शून्य."

मी खाली बघितलं. माझाही पाय तिथेच! पिवळा दिवा लागला. मला आणि दादाला गाडी शिकवली होती बाबांनीच, त्याच हँडब्रेक न धरणाऱ्या गाडीवर. आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

तिथूनच मी दादाला फोन लावला. "पुरावा मिळाला. आधी सांग, तू चढावर कसा थांबतोस?"

दादा आधी खाकरला. मग म्हणाला, "माझा क्लच दोनदा बदललाय गं."

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "चढावर थांबलं की ब्रेक दाबायचा. म्हण."

"चढावर थांबलं की ब्रेक दाबायचा," दादा म्हणाला.

"मोठ्याने."

दादाने मोठ्याने म्हटलं.

"आणि किल्ली माझ्याकडेच राहील."

"हो बाबा," दादा म्हणाला.