आक्काची उबेची पेटी

"भैया, दीदी नहीं रहीं..." आक्काच्या शेजारच्या कुसुमबाईचा फोन आला तेव्हा मी विजय नगरमधल्या माझ्या घरी दाढी करत होतो. मी काही बोलायच्या आत तिनं पुढचं विचारलं, "और वो पेटी के अंडे? बस, अब फूटने ही वाले हैं." बहीण गेल्याची बातमी आणि अंड्यांची काळजी एका दमात. खरं सांगायचं तर, आक्काच्या मरणाची बातमी अशीच यायला हवी होती.

आक्का माझी थोरली बहीण. जन्मभर शाळेत शिकवलं, आणि भाऊजी गेल्यावर ग्वारीघाटाच्या पलीकडे नदीपार, जिथे अजून वीज पोचलेली नाही, तिथे जमिनीचा तुकडा घेऊन एकटी राहायला गेली. मेल्यावर माणूस गोड होतो म्हणतात. आक्का काही माझ्या मनात गोड होईना. तिनं कोंबड्या पाळल्या तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली, तिनं ढुंकून पाहिलं नाही. त्या कोंबड्या अंडी घालत, पण अंड्यांवर बसत नसत. "आई व्हायचं नसेल तर नको होऊ, अंडी आण इकडे," असं ती खुशाल कोंबडीला सुनवायची. मग तिनं पेटी केली. भाऊजींची जुनी लाकडी पेटी, तळाशी धानाचा कोंडा, कडेनं गरम पाण्याची मडकी, मध्ये अंडी, वरून गोधडी. पाणी निवलं की चुलीवर पुन्हा तापवायचं, अंडी हातानं फिरवायची. थर्मामीटर कधी आणला नाही. अंडं मिटल्या पापणीला लावायची आणि "अच्छा, ठीक आहे" म्हणून परत ठेवायची. तेव्हा तिचा चेहरा इतका मऊ व्हायचा की मला राग यायचा... माणसांना तिनं तो चेहरा कधी दाखवला नाही.

तिच्या लेकीलाही नाही. वैशाली नवऱ्याचं घर सोडून आली त्या दुपारी मी तिथेच होतो. हातावर वळ, खांद्याला एक पिशवी. आक्का पेटीतली अंडी फिरवत होती. वैशाली दारात उभी राहून म्हणाली, "आई, तो मारून राहिला मला. मी नाही जात आता."

आक्कानं मान वर केली नाही. "दार लाव आधी. ऊब जाऊन राहिली."

वैशालीनं दार लावलं, बाहेरून. मी पाठोपाठ गेलो आणि तिला माझ्या घरी घेऊन आलो. आक्कानं नंतर कधी तिचं नाव काढलं नाही. मी विषय काढला की म्हणायची, "काहून? तुझ्याकडे आहे न ती? चलो, झालं." या एका गोष्टीसाठी मी तिला माफ केलेलं नाही, आणि ती गेली म्हणून आता करणारही नाही.

ग्वारीघाटावर आक्काचे अंत्यसंस्कार उरकून आम्ही तिच्या घरी परतलो. कुसुमबाईनं सकाळी स्वतःच्या घरून पाणी तापवून आणलं होतं, पण तिचं घर नाल्यापलीकडे. येईस्तोवर पाणी कोमट. जेवायला माझ्या घरून पिठलं-भात आला होता, कारण सुतकात त्या घरी चूल पेटवायची नव्हती. आणि चूल नाही म्हणजे पेटी नाही. अंड्यांच्या आत पिल्लांची टुकटुक ऐकू येत होती, मडकी गार पडत होती, आणि आम्ही सगळे सुशिक्षित लोक रीत पाळत बसलो होतो. वैशाली उठली. चुलीत लाकडं सारून तिनं काडी ओढली.

भाऊजींच्या मोठ्या वहिनी, वैशालीच्या काकू, कडाडल्या. "अगं, आई जाऊन दिवस नाही झाला अन् तू चूल पेटवून राहिली? सुतक आहे न तुला!"

वैशालीनं फुंकणी खाली ठेवली. "काकू, आईनं मला या घरची मानलंच नाही. मग सुतक मला कशाचं?"

काकू न जेवता निघून गेल्या. पाणी तापलं, आणि पुढच्या दिवसांत बरीचशी पिल्लं निघाली, काही आतच मेली.

वैशाली आता तिथेच राहते. परवा गेलो तेव्हा पेटीत नवी अंडी होती आणि त्या खोलीत आक्का असतानाची तीच ऊब. वैशाली पेटीला पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोपली. मग दिसलं, ती रडत होती. मी तिला हाक मारली नाही. आईच्या घरची ऊब तिला आई मेल्यावर मिळाली... तीही अंड्यांच्या वाटणीची.