त्याची भिंत, माझा कढीपत्ता

निवृत्त झाल्यावर मी दोन उद्योग अंगावर घेतले. एक, बुकित पंजांगमधल्या आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे इथल्या हाउसिंग सोसायटीच्या, कमिटीचं सचिवपद. दुसरा, इथल्या जुन्या नगरपालिकेच्या बैठकांची हस्तलिखित इतिवृत्तं घरी बसून टाइप करण्याचं स्वयंसेवी काम. पहिल्यानं माझं डोकं फिरायचं आणि दुसऱ्यानं ते ताळ्यावर यायचं. बँकेत जन्मभर इतरांच्या चुका काढून माझा स्वभाव तापट झालाय, असं नवरा म्हणतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

त्या इतिवृत्तांतच मला तो भेटला. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला एक गोरा व्यापारी. नदीकाठी गोदाम, मिरी-जायफळाचा धंदा, आणि वर नगरपालिकेचं सभासदत्व. या कामाचा ना पगार ना मान, तरी गडी एक बैठक चुकवत नसे. गटारं तुंबली, दिवे लागले नाहीत, की हा बोलायला उभा. संत वगैरे अजिबात नव्हता. मिरवणुकांतल्या ढोलांनी झोपमोड होते, तेव्हा त्या बंद करा, असाही त्याचा हट्ट असे. ते पान टाइप करताना मी त्याला मराठीतून चार शब्द ऐकवले होते.

पण एका नळापायी मी त्याच्या प्रेमात पडले. त्याच्या गोदामामागच्या गल्लीत माल वाहणारे होडीवाले राहत. पाणी ते लांबच्या विहिरीवरून खांद्यावर आणत. गल्लीत एक नळ द्या, एवढंच याचं मागणं. दर महिन्याला हा विषय काढी, दर महिन्याला तो फेटाळला जाई, आणि पुढच्या महिन्याला हा पुन्हा हजर. शेवटी शेवटी लेखनिक कंटाळून एवढंच लिहितो की त्याच सद्गृहस्थांनी तोच विषय मांडला. होडीवाल्यांचा मात्र त्या पानांत एकही शब्द नाही. त्यांना बैठकीत कोण बसू देणार?

आपला मराठी माणूस असता तर तिसऱ्या बैठकीलाच राजीनामा तोंडावर फेकून त्यानं दुसरी नगरपालिका काढली असती. ही चेष्टा मी कुणा दुसऱ्याची करत नाही. त्याच आठवड्यात माझा स्वतःचा राजीनामा लिहून तयार होता.

कारण होतं तीन पायऱ्या. आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर एक चिनी आंटी एकट्या राहतात. ऐंशी कधीच ओलांडलेली. पडल्यापासून त्या व्हीलचेअरवर होत्या, आणि त्यांचं दार नि गाड्या थांबतात तो पोर्च यांच्यामध्ये त्या तीन पायऱ्या. हॉस्पिटलला जायचं झालं की दिवसा कामाला येणारी हेल्पर आणि सिक्युरिटी गार्ड त्यांना खुर्चीसकट उचलत. त्या वेळी त्या डोळे मिटून घेत. मला वाटे भीतीनं, पण लाज वाटते म्हणून, असं त्यांनीच एकदा सांगितलं. मुलगा फ्लॅट विकून त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवायचं म्हणत होता, आणि त्यांना तिथे जायचं नव्हतं. रॅम्प होईल, असं मी त्यांचा हात धरून सांगून बसले होते.

कमिटीनं तीनदा नकार दिला. पायऱ्यांच्या डावीकडे रॅम्प काढला तर आग विझवण्याच्या नळाची पेटी आड येते, म्हणे. मला तो निव्वळ बहाणा वाटला. तिसऱ्या नकारानंतर मी तणतणत घरी आले आणि पानभर राजीनामा लिहिला. त्यात तत्त्व हा शब्द दोनदा होता. नवऱ्यानं तो वाचला आणि शांतपणे विचारलं, याच्यानं आंटी पायऱ्या कशा उतरणार? मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

त्या अबोल्यात नळाचं शेवटचं पान माझ्या हाती आलं. मधल्या काळात व्यापारी आपल्या सगळ्यांत कडव्या विरोधकाच्या घरी जाऊन आला होता. नळ माझ्या दुकानासमोर आला तर दिवसभर चिखल आणि गर्दी, हे त्या माणसाचं दुखणं. पुढच्या बैठकीत यानं तोच विषय मांडला, फक्त जागा बदलून. नळ माझ्या गोदामाच्या भिंतीला लावा, चिखल होईल तो माझ्या दारात होऊ दे. चर्चा झाली नाही. ठराव मंजूर.

वाचून बरं वाटलं. मग मी आमटीला फोडणी द्यायला उठले आणि कढीपत्ता आणायला खाली गेले.

पायऱ्यांच्या उजवीकडे एक वाफा होता. माझा. मी कमिटीशी भांडून मिळवलेला. कढीपत्ता माझ्या डोक्याच्या वर गेलेला, आणि कॉन्डोतल्या सगळ्या भारतीय घरांना पुरणारा. तोडण्याआधी मला विचारायचं, एवढी एकच अट. डहाळी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. उजवीकडे पेटी नव्हती, पाइप नव्हता. उजवीकडे फक्त मी होते. तीन बैठकांत कुणी त्या बाजूचं नाव काढलं नव्हतं, कारण माझा स्वभाव सगळ्यांना माहीत होता. मला इतकी शरम वाटली की आमटी त्या दिवशी कढीपत्त्याशिवायच झाली.

चौथ्या बैठकीत मी तोच विषय मांडला आणि वाफा काढून टाका म्हटलं. अध्यक्षांनी माझ्याकडे दोनदा पाहून खात्री करून घेतली. पाच मिनिटांत सगळं मंजूर. झाड मागच्या फाटकापाशी लावून पाहिलं, पण एवढं मोठं झाड जगत नाही. ते वाळलं तेव्हा मी रडले. नवरा आता बाजारातून कढीपत्त्याचं पाकीट आणतो. त्या व्यापाऱ्याच्या दारात पुढे किती चिखल झाला, हेही इतिवृत्तात नाही.

रॅम्प खुला झाला त्या सकाळी आंटींनी हेल्परला मागे थांबवलं आणि चाकं स्वतःच्या हातांनी फिरवत खाली आल्या. पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. खोटं कशाला बोलू, मी आभाराची वाट पाहत उभी होते. त्यांनी वर पाहिलं आणि रॅम्पवर छप्पर नाही, पाऊस लागेल, असं मला सुनावलं. पुढची मीटिंग कधी, तेही विचारलं. मी म्हटलं, काळजी करू नका, मी विषय काढते.

नकारार्थी मान हलवून त्या इथल्या बोली इंग्रजीत म्हणाल्या, "यू सिट ला. धिस टाइम आय टॉक."

बैठकीची खोली पोर्चच्या पलीकडेच आहे. त्यांच्या रॅम्पबद्दल आम्ही चार बैठका घेतल्या, आणि त्यांना बोलवावं हे मला एकदाही सुचलं नव्हतं.