दाराकडे पाठ केलेला घोडा

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर काम करणाऱ्या बहिरूची बोटं कधी स्वस्थ बसली नाहीत. जेवताना ती ताटातल्या आमटीत रेघोट्या मारायची, बसमध्ये मांडीवर फिरायची. कामावर तर विचारूच नका. पत्र्यावर कोळशाची धूळ बसली की हा गडी एका दमात घोडा काढायचा आणि कोणी बघायच्या आत तळहाताने पुसून टाकायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! सोबतचे म्हणायचे, याच्या हाताला कसलीतरी खाज आहे. खाज होतीच. तिचं कारण मात्र त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

तरुणपणी बहिरू लग्नघरं रंगवायचा. त्यांच्या गावाकडे लग्न निघालं की भिंतीला चुना द्यायचा, दारावर गणपती काढायचा, बाजूला नवरानवरीची नावं लिहायची आणि दाराच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक घोडा काढायचा. दोन्ही घोड्यांची तोंडं दाराकडे, कारण त्यांच्या पाठीवरून लक्ष्मी घरात येते. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण धाकट्या बहिणीच्या, चांगुणाच्या लग्नात बहिरूची बुद्धी फिरली. दारणेच्या काठी दावं तोडून उधळलेली एक घोडी त्याने पाहिली होती आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना. उजव्या अंगाला त्याने तीच काढली. दाराकडे पाठ, शेपूट वर, तोंड रस्त्याकडे.

शेजारच्या साळूबाईने कपाळाला हात लावला. "आरं, लक्ष्मी घेऊन पळालं की घोडं!"

बहिरू हसला. चित्र झालंच होतं तसं देखणं, हसणार नाही तर काय करणार?

दीड वर्षात चांगुणा तान्ह्या वैष्णवीला पदराखाली घेऊन माहेरी आली ती कायमची. जावयाने टाकली, असं वडिलांनी चारचौघांत सांगितलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, असं शहाणा माणूस म्हणेल. गाव एवढं शहाणं नसतं. साळूबाईने भिंतीकडे बोट दाखवलं आणि बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. बहिरूने दुसऱ्या दिवशी त्या घोडीवर चुन्याचा हात मारला, ब्रश गोठ्याच्या आढ्यात खोचले आणि पुढे नोकरी लागली तेव्हा सुटल्यासारखं वाटून कोळशात शिरला. बहीण समोर आली की त्याची मान खाली जायची. ती बिचारी पहाटे उठून नाशिकरोडच्या बाजारात कोबी-मेथी विकायची आणि लेकीला वाढवायची. तिचा संसार आपल्या ब्रशाने मोडला, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

मग एका वर्षी दिवाळीनंतर नांदगावकडचे मेंढपाळ आले. कोबी निघालेल्या वावरात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत आयतं मिळतं, म्हणून भावकीने त्यांना बोलावलं होतं. त्यांच्याबरोबर एक तांबडी घोडी होती. तिच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड: उलटी बाज, हंडे, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि पिशवीतून डोकं काढून बघणारं एक कोकरू. कामाला निघालेला बहिरू बांधावर थबकला तो थबकलाच. बस गेली. तो घरी आला, खताच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि चुलीतला कोळसा घेऊन बसला. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, शाळकरी पोरासारखा.

पहिला घोडा इतका वाईट उतरला की त्याची बायको बायडाबाई म्हणाली, "हे घोडं हाय का वाळत घातलेली घोंगडी?"

पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. नाशिकला जाऊन त्याने रंग आणले. सुट्टी आली की तो मेंढपाळांच्या मागे शिवारं पालथी घालायचा. बायडाबाई कुरकुरायची, कारण घरी असला तरी माणूस घरात नसायचा. पाच वर्षांत माळ्यावर चित्रांची चळत झाली: पाणी पिणारी घोडी, ओझ्याखालची घोडी, बाभळीखाली पेंगणारी घोडी. हात परत आला होता. तरी एकेक चित्र संपलं की त्याला दुप्पट तगमग व्हायची. काहीतरी राहून जात होतं आणि काय ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

चांगुणानेच एकदा विचारलं, "भाऊ, समदी बांधलेलीच का रे? एक बी पळत नाय."

तो उठून बाहेर गेला.

दोन हजार चार साली वैष्णवीचं लग्न ठरलं. तोवर लग्नघराला छापील फ्लेक्स लावायची टूम निघाली होती. चांगुणा म्हणाली, "फ्लेक्स नको. भिंत माझा भाऊ रंगवंल."

 नाही म्हणायला बहिरूला तोंड नव्हतं. त्याने गणपती काढला, नावं लिहिली, डावीकडचा घोडा काढला, तोंड दाराकडे. उजवी बाजू तशीच पांढरी राहिली. हळद लागली तरी पांढरीच. तो ब्रश घेऊन भिंतीपुढे यायचा, येरझाऱ्या घालायचा आणि परत जायचा. शेवटी चांगुणा हळदीच्या हातांनीच त्याच्यापुढे उभी राहिली.

"काय झालं रे?"

"माझ्या घोड्यानं तुझं वाटोळं केलं," बहिरू म्हणाला आणि एवढा मोठा माणूस रडायला लागला. "आता पोरीचं नको."

चांगुणा बघतच राहिली. "म्हणून ब्रश ठेवलास व्हय? मला वाटलं, नोकरीपायी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला कोणी टाकलं नाय, भाऊ. मी आले निघून. लय मारायचा. पोरीवर हात उचलला त्या दिवशी ही कडेला घेतली नि निघाले. बाईनं नवरा सोडला म्हणायची लाज वाटली, म्हणून आबानं तसं सांगितलं. अन् सासरच्या उंबऱ्यात पाय अडला ना, तवा तुझी ती घोडी आली माझ्या डोळ्यापुढं. दार काय नुसतं आत जायला नसतं, हे तिनंच सांगितलं."

बहिरूने उजवीकडच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं.

"हिच्यासाठी बी काढ," ती म्हणाली. "तसलीच."

लग्नाच्या सकाळी त्याने तांबडी घोडी काढली. दाराकडे पाठ, चारही पाय जमिनीवरून सुटलेले. म्हातारी साळूबाई काठी टेकत आली, भिंतीकडे पाहून तोंड उघडलं आणि चांगुणाने तिच्या तोंडात लाडू कोंबला.

सासरी निघताना वैष्णवी त्या भिंतीपाशी थांबली. आईने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरीने उजव्या घोडीच्या पाठीवर तळवा टेकवला. तेलाचा रंग अजून ओला होता. तो तांबडा हात तसाच घेऊन ती गाडीत बसली.