आत्याचं बदक

माणसाला हरवायला या जगात तिघेच समर्थ आहेत: काळ, नशीब आणि माझी आत्या. पहिल्या दोघांना कधीमधी दया येते असं ऐकून आहे. आत्याला येत नाही. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर ती आणि आतोबा राहतात, आणि त्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी व्हिडिओ गेमचा रिमोट हातात घ्यावा लागतो. मुलं शाळेत होती तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून हा गेम घरात आला. मुलं मोठी झाली, नोकऱ्यांसाठी पुण्याला, बेंगळुरूला गेली. गेम राहिला, कारण खरं तर तो पहिल्या दिवसापासून आत्याचाच होता.

त्यात जुन्या कार्टूनमधली चार जनावरं आहेत. ससा, मांजर, डुक्कर आणि टोपीवालं बदक. बागेतून धावायचं, खड्डे चुकवायचे आणि वाटेतले पिवळे गोळे गोळा करायचे, ज्यांना आमच्या घरात बुंदी म्हणतात. बदक आत्याचं. ते दुसऱ्या कुणी घेतलं तर ती काही बोलत नाही, नुसती बघते. मग आपणच गुपचूप मांजर घेतो. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाली, "चालताना लोक हसतात त्याला. माझ्यासारखंच आहे." कॅसेट अडकली की ती काढून फुंकर मारायचा अधिकारही तिचाच. एकदा मी फुंकर मारली, तेव्हा माझ्या फुंकरीत थुंकी असते असं सांगून तिने सगळ्यांदेखत कॅसेट पदराने पुसून घेतली. जन्मभर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, त्यामुळे कुठल्याही वस्तूवर बोटाचा ठसा दिसला की तिचा जीव वरखाली होतो.

जिंकण्यासाठी ती काहीही करते. आपलं मांजर पुढे निघालं की नेमकं तेव्हाच तिला गॅसवरचं दूध आठवतं, आणि आपण बघून येईपर्यंत बदक पोचलेलं असतं. दूध मुळात ठेवलेलंच नसतं. लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा तिच्याकडे घेऊन गेलो, तर नव्या भाचेसुनेला रडकुंडीला येईपर्यंत हरवलं आणि मग तिची ओटी भरली. वर मला बाजूला घेऊन सांगितलं, की हरली तरी रिमोट आपटला नाही, मुलगी गुणाची आहे. समोरच्या दारातल्या गुजराती बेन एकदा काकुळतीला येऊन म्हणाल्या, "आज तो जीतने दो, मेरा उपवास है." आत्याने पडद्यावरची नजर न हलवता उत्तर दिलं, "उपवास तुमको है, बदक को नहीं है."

या सगळ्यात सर्वात जास्त हरले ते आतोबा. अबोल माणूस. संध्याकाळी छापखान्यातून आले की हातपाय धुऊन डुक्कर घेऊन बसायचे, हरायचे आणि पिशवी उचलून मासे आणायला जायचे. निवृत्त झाल्यावर सकाळीही हरायला लागले. इतका सुरळीत चाललेला संसार मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी बोटं हलवत राहा म्हणून रबरी चेंडू दिला. आतोबा त्या चेंडूकडे बघेनात, तेव्हा आत्याने त्यांच्या हातात रिमोट दिला. आणि काय सांगावं, आतोबा जिंकायला लागले. त्यांचं डुक्कर रांगत रांगत यायचं आणि आत्याचं बदक त्याच्या आधी नेमकं खड्ड्यात पडायचं. रोज. थोड्या दिवसांनी आतोबांनी रिमोट धरायचंच सोडलं आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. आत्याचा मला फोन आला. "जिंकतायत तरी रुसलेत रे. हात असाच राहिला तर?" तिच्या आवाजात भीती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

रविवारी गेलो. आत्या स्वयंपाकघरात होती. मी आतोबांजवळ बसलो आणि काय झालं ते विचारलं. जड जिभेने त्यांनी एकेक शब्द जुळवला. "तिला सांग. मला कच्चा लिंबू करू नको म्हणावं."

लहानग्याला खेळात घेतात, पण तो कधी बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही, तो कच्चा लिंबू. सत्तरीच्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकून मला फार वाईट वाटलं. आत्याने आतून ते ऐकलं होतं. ती बाहेर आली, पदर खोचला आणि खाटेवर त्यांच्या शेजारी बसली. पहिल्या डावात बदकाने डुकराला असं पाणी पाजलं की मलाच तिचा राग आला. दुसऱ्या डावात तेच. "बटण दाबा," ती खेकसली, "अंगठा झोपलाय का?" आतोबांच्या कपाळावर घाम आला होता, अंगठा थरथरत होता, आणि ते तोंडाच्या एका बाजूने हसत होते. किती दिवसांनी हसत होते.

निघताना ती दारापर्यंत आली. मी चपला घालत होतो. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "जन्मात कुणाकडून हरावंसं वाटलं नाही रे मला. आता यांच्याकडून एकदा हरायचंय. खरंखुरं."

आतून आतोबांनी हाक मारली. पुढचा डाव लागला होता, आणि ती मला नीट जा म्हणायचंही विसरून आत गेली.