जावईनिळा

रंगारी आयुष्यात एकदाच बुड्या मोजायला चुकला, आणि तोही लेकीला मागणी आली त्या दिवशी. एरवी माणूस इतका काटेकोर की बायकोशी भांडतानाही त्याचं लक्ष हौदातल्या कापडावर. त्या दिवशी मात्र स्वारी हवेत होती. कापड निळीत बुडवायचं, वर काढायचं, वाऱ्यावर धरायचं, पुन्हा बुडवायचं. किती बुड्या झाल्या याचं भान नाही. वाळलं तेव्हा काळ्याकडे झुकणारं, वर तांबूस झाक असलेलं निळं निघालं. बायको हसून म्हणाली, "हा जावयाचा प्रताप." झालं, रंगाला जावईनिळा नाव पडलं. गिऱ्हाइकांनी रंग आणि नाव दोन्ही उचलून धरलं.

आता लेक सासरहून घरी परत आली होती. नवरा हात उचलतो, एवढंच तिने सांगितलं होतं. आई डोळ्यांना पदर लावून "येईल तो न्यायला, माणूस सुधारतो" म्हणायची. बाप मात्र चकार शब्द काढत नव्हता. तो परत पाठवणार की ठेवून घेणार, तिला काही कळेना. त्यात जो तो येऊन जावईनिळाच मागायचा. तिच्यासमोर ते नाव नको म्हणून कामगार बिचारे नुसतं 'तो गडद' म्हणत वेळ मारून नेत.

एके सकाळी जावई थेट हौदापाशी आला. लेक दाराआड उभी राहिली.

"माझ्या नावावर धंदा करता सासरेबुवा, आणि मला साधं बस म्हणत नाही?" तो हसत म्हणाला. "तिला आवरायला सांगा. आजच नेतो."

रंगाऱ्याच्या हातात जावईनिळ्याचंच कापड होतं. अजून आकाशीच, बऱ्याच बुड्या बाकी. त्याने ते पुन्हा हौदात सोडलं नाही, सरळ दोरीवर टाकलं.

"मालक, फिकं आहे अजून," कामगार पुटपुटला.

"राहू दे. तो रंग आता आपल्याकडे मिळत नाही." मग आवाज न चढवता तो जावयाला म्हणाला, "पोरगी येणार नाही. निघा तुम्ही."

जावयाने डोळे वटारले, लोक काय म्हणतील ते ऐकवलं, दाराकडे दोन पावलं टाकली. रंगारी निथळत्या हातांनी आडवा उभा राहिला. त्याच्यामागे कामगारही येऊन उभे राहिले. शेवटी जावई पाय आपटत गेला.

लेक बाहेर आली. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, आणि तोही बापाचा.

"बाबा, इतके दिवस गप्प का बसलात?"

रंगारी दोरीवरचं कापड उगाच सारखं करत राहिला.

"मागणी आली तेव्हा मी त्याची चौकशीच केली नव्हती," तो म्हणाला. "मोठं घर बघून हुरळलो. तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं, बाळ."