आमचा कोट, आमची समिती आणि पार्वतीबायचे बोंबील

आमच्या कोट जतन व पर्यटन विकास समितीला आता काही वर्षं झाली. एवढ्या काळात कोटाचा एक दगड इकडचा तिकडे झालेला नाही, पण किस्से मात्र इतके साठलेत, की त्यांच्यासाठीच आधी म्युझियम काढावं लागेल. सगळे खरे आहेत. काही जरा जास्तच खरे!

कोट म्हणजे आमच्या गावचा फिरंग्यांच्या वेळचा किल्ला. तारापूरहून दांडीकडे जाताना खाडीला चिकटून आहे. समितीचे अध्यक्ष वामनभाऊ. सगळी नोकरी बोईसरच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून केली, आता रिटायर्ड. मी कार्यकारिणी सदस्य, कारण माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आणि पार्वतीबाय. ती समितीत नाही, कोटात आहे. सासूच्या वेळेपासून मोठ्या बुरुजावर बांबू रोवून, दोऱ्या ताणून बोंबील सुकवते आणि बोईसरच्या बाजारात विकते.

पहिल्याच मीटिंगला भाऊ म्हणाले, "टुरिस्ट यायला हवेत, तर बोंबील जायला हवेत."

पार्वतीबाय दारातच उभी होती. "बोंबील गेल्यावर मी बाजारात काय विकू, भाऊ? तुमचा ठराव?"

ठराव पुढच्या मीटिंगवर गेला.

*

पहिला कार्यक्रम साफसफाईचा. नोटीस मीच छापली आणि पार कुंभवलीपर्यंत चिकटवली : 'रविवारी सकाळी कोट सफाई. नाश्ता मोफत.'

रविवारी एक लातूरकडचा गडी हजर. कुंभवलीत भाड्याने राहतो, कंपनीत कामाला. हातात हँगर, हँगरवर लग्नातला कोट!

"हळदीचा डाग हाय. निघंल का?"

आमच्यातल्या कुणीतरी त्याचा कोट घेऊन झाडाला अडकवला. भाऊंनी त्याच्या हातात फावडं दिलं. बिचाऱ्याला वाटलं, इथली पद्धतच अशी असेल. दुपारपर्यंत त्याने सगळ्यांपेक्षा जास्त माती उपसली. जाताना भाऊंना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मग डिलिव्हरी कधी?"

*

भाऊ कंपनीतून रिटायर झाले, पण कंपनी भाऊंमधून रिटायर झाली नाही. एका आठवड्यात कोटाच्या पायऱ्यांवर पिवळे-काळे पट्टे आले. विहिरीजवळ 'असेंब्ली पॉइंट'. दरवाजात 'आजपर्यंत अपघाताविना दिवस' असा फळा. आणि तोफेवर पाटी : 'धूम्रपान सक्त मना'.

मी म्हटलं, "भाऊ, ही तोफ आपल्या पणजोबांनीसुद्धा उडालेली बघितली नाही."

भाऊ गंभीर झाले. "म्हणजे मिसफायर! हे तर जास्त डेंजरस!"

तेव्हापासून तोफेभोवती दोरी आहे.

*

मग होम स्टेचं वारं आलं. घराघरात टुरिस्ट ठेवायचे, त्यांना तांदळाची भाकरी घालायची, वाडीतले चिकू दाखवायचे. सुरुवात अध्यक्षांच्या घरापासून, असं ठरलं. भाऊ घरी गेले, वहिनींना समजावू लागले. पाहुणा म्हणजे देव वगैरे.

वहिनी भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझी बहीण दोन दिवस राहिली तर तुम्ही तिसऱ्या दिवशी एसटीचं टाइमटेबल वाचून दाखवता. तिला आधी देव करा!"

होम स्टेची फाइल अजून माझ्या दुकानात आहे. झेरॉक्स मशीन हलतं, म्हणून एका पायाखाली ठेवलीय.

*

मुंबईहून पहिला ग्रुप बस करून आला, त्या दिवशी आमचा ट्रेनिंग घेतलेला गाइड नेमका वैतरण्याला अडकला. लोकल बंद! पाहुणे चढले बुरुजावर. तिथे पार्वतीबाय जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या दोरीवर टांगत होती.

"मावशी, किल्ला किती जुना?"

"माज्या सासूच्या लग्नात हुता."

"बांधला कोणी?"

"फिरंग्यांनी."

"मग ते का गेले?"

पार्वतीबायने वाऱ्याची दिशा बघितली. "वास नाय सोसला!"

इंटरनेटवर आमचा पहिला अभिप्राय आला. पाच स्टार : 'किल्ला ठीक. बोंबील उत्तम.'

भाऊंनी त्याच दिवशी बोंबलांचा ठराव पुन्हा मीटिंगवर घेतला.

*

आणि मागच्या थंडीतली ही गोष्ट. कोटाच्या दुरुस्तीचा आमचा प्रस्ताव मंजूर करायचा की नाही, हे ठरवायला पर्यटन खात्याचे एक तज्ज्ञ साहेब येणार होते. आता मात्र भाऊंनी ऐकलं नाही. ऐन बोंबलांच्या हंगामात बुरूज रिकामा करायला लावला. पार्वतीबायने स्वतःच्या हाताने बांबू उपटले, खाली भिंतीला टेकवले आणि ओल्या बोंबलांची टोपली घेऊन तिथेच बसली. "दोन दिवसांत नाय सुकवले, तर फेकायचे," एवढंच म्हणाली.

साहेब बुरुजावर चढले. सगळं बघून झालं आणि एकदम खाली बसले. फरशीत ओळीने भोकं होती, गोल, सारख्या अंतरावर.

"हे काय आहे?"

मी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी समुद्राकडे बघितलं.

"ध्वजस्तंभ, सर! फिरंग्यांचे."

साहेबांनी टेप काढली, अंतरं मोजली, फोटो काढले. "वा! अशी रचना मी कुठेच पाहिलेली नाही. हाच तुमच्या किल्ल्याचा प्राण आहे. प्रस्ताव मंजूर समजा, पण एका अटीवर. इथे जे उभं होतं, ते मूळ स्वरूपात जसंच्या तसं पुन्हा उभं राहिलं पाहिजे. त्यात तडजोड नाही!"

भाऊंनी पुन्हा समुद्राकडे बघितलं. तेवढ्यात भिंतीखालून आवाज आला,

"सायब, मूळ सरूपात म्हंजे बोंबील वलेच टांगायचे ना?"